माझ्या वाटणीच्या कैऱ्या

रविवारी दुपारी आमच्या मेसमध्ये गोडधोड असतं आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे जेवण कितीही जड झालं तरी संध्याकाळची चिंता सुटत नाही. आज श्रीखंड वाढता वाढता मेसच्या काकूंनी विचारलं, "काय रे, वर्षभर आहेस ना इथेच? आज लोणच्याच्या कैऱ्या आणतेय. माणसं बघून आणाव्या लागतात."

"आहे की," मी पटकन म्हणालो.

हाच प्रश्न बाबांनी फोनवर विचारला की मला ऐकू येईनासं होतं. नोकरी टिकेल का, या शहरात राहावंसं वाटेल का, काही म्हणजे काही माहीत नाही. मग काकूंना एवढं ठाम उत्तर कुणी दिलं? श्रीखंडानं?

दुपारी झोप लागली नाही. संध्याकाळी वडापाव खाऊन उगाच भटकलो, फिरून फिरून त्याच चौकात आलो आणि शेवटी मेसकडेच वळलो. अर्ध्या शटरखालून कैऱ्यांचा भलामोठा ढीग दिसला. माझ्या धरू नका, असं सांगून टाकायला वाकून आत शिरलो.

"बरं झालं आलास," कैरी फोडता फोडता काकू म्हणाल्या. "हात धू आणि या फोडींना मीठ चोळ."

मी हात धुतले आणि वर्षभराच्या लोणच्याला मीठ चोळायला बसलो.