संक्रांतीच्या ताटल्या

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत मला पाठीमागे कचराकाकू म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणणारे बिचारे हळू आवाजात म्हणतात, पण आमच्या जिन्यात तळाला कुणी शिंकलं तरी वर ऐकू येतं. मला त्याचा राग नाही. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी आपणहून पदर खोचून या कामाला लागले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. ओल्याचं खत इमारतीच्या मागे ठेवलेल्या ड्रममध्ये करायचं, सुका घंटागाडीत द्यायचा. रोज सकाळी खाली उतरून मी डबे बघते, आणि ओल्यात प्लास्टिकची पिशवी सापडली तर ज्याची त्याला घरपोच करते. आमचे हे म्हणायचे, "लोक उठल्यावर देवाचं तोंड बघतात, ही कचऱ्याचं बघते."

ताटल्यांची कल्पना मात्र रागातून निघाली. एका वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणानंतर फाटकापाशी थर्माकोलच्या प्लेटांचा ढीग लागला होता. कुत्र्यांनी त्या पार मानपाडा रोडपर्यंत ओढत नेल्या. मी तिथेच उभी राहून तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलता आठवलं की आपल्या सगळ्यांच्या माळ्यावर स्टीलची भांडी नुसती पडून आहेत. मुंजीत आलेली, बारशात आलेली, वास्तुशांतीला आलेली. काठावर नाव कोरलेलं असतं, म्हणून दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि कुणीतरी प्रेमाने दिलेली म्हणून मोडीत घालवत नाहीत. मी घरोघर फिरले. जी का कू करायची तिला विचारायचे, "वर ठेवून त्यांचं लोणचं घालणार आहेस का?"

अशा खूप ताटल्या जमल्या. लहान, मोठ्या, काहींच्या मध्यभागी फूल, काहींना नुसतीच कड. त्या माझ्या गॅलरीतल्या कपाटात राहायच्या. ज्यांच्याकडे कार्यक्रम असेल त्यांनी माझ्याकडून न्यायच्या आणि धुऊन पुसून परत आणायच्या, एवढाच नियम. बघता बघता सोसायटीतून कागदी प्लेट हद्दपार झाली. पंगतीत गंमतही व्हायची. पोहे खाऊन झाले की एखादी ओरडायची, "अगं, ही तर माझ्या मावससासूबाईंनी दिलेली!"

ताटल्या सगळ्यांत जास्त फिरायच्या त्या संक्रांत ते रथसप्तमी. आमच्याकडे त्या दिवसांत एक संध्याकाळ हळदीकुंकवाशिवाय जात नाही. मी त्या प्रकाराची भरपूर चेष्टा केलेली आहे. वाण म्हणून काय काय देतात, तर प्लास्टिकचं गाळणं, प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकचा आरसा. पहिलं गाळणं फाटायच्या आत दुसरं हजर. मी सगळ्यांना बजावायचे, "वाण नसलं तरी चालेल बायांनो, पण ताटल्या न्या." तरी प्रत्येकीकडे जायचे. मटारची उसळ खायची, हाताला अत्तर लावून घ्यायचं, आणि घरी आल्यावर ते गाळणं ह्यांच्यापुढे आपटायचं. "एवढा वैताग आहे तर जातेस कशाला?" हे विचारायचे. "ताटल्या नीट धुतात का ते बघायला," मी म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात हे गेले.

सोसायटीने मला एकटं पडू दिलं नाही, हे आधी सांगायला हवं. आमच्या समोरच्या दारातली, लेकीसारखी असलेली शेजारीण, कितीतरी रात्री माझ्याकडे झोपायला यायची. तिच्या सासूबाई माझ्याहून थोरल्या. मी जेवत नाही असं कळल्यावर त्या गुडघे धरत स्वतः पिठलंभात घेऊन आल्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं.

संक्रांत आली. पहिलं हळदीकुंकू दरवर्षी समोरच्यांकडेच असतं. मी सकाळीच ताटल्या काढल्या, चिंचेने घासल्या आणि पुसून दाराशी टेबलावर रचून ठेवल्या. दुपार झाली, न्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी जिन्यात बांगड्या वाजायला लागल्या, हसणं ऐकू आलं, अत्तराचा वास दाराखालून आत आला. या खेपेला नुसताच तिळगूळ देत असतील, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर सुक्या कचऱ्याचा डबा कागदी प्लेटांनी भरला होता. आतून चकचकीत असतात ना, त्या. वर उसळ चिकटलेली, मध्येच उसाचे चोथे, ओल्यासुक्याचा नुसता काला. माझं डोकं फिरलं. त्यातली एक प्लेट चिमटीत धरून मी तशीच वर गेले आणि समोरची बेल दाबली.

"हे काय आहे?"

तिचा चेहरा उतरला. "काकू, आत या ना."

"आत नंतर येते. समोरच्या दारात ताटल्या घासून ठेवलेल्या मी. दोन पावलांवर. तेवढंही होईना?"

तिने मागे वळून बघितलं, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्याकडे ताटल्या मागायला यायचं आणि तुम्हाला या म्हणायचं नाही, असं कसं करणार होते मी? मला तोंडच होईना. आईंना विचारलेलं मी. त्या म्हणाल्या, बाकीच्या बायका काय म्हणतील. मग शेवटी ह्या प्लेट्स मागवल्या. सॉरी काकू."

एरवी मी कुणाला शेवटचा शब्द बोलू देत नाही. त्या दिवशी तो तिच्याकडेच ठेवून, प्लेट तशीच चिमटीत धरून मी मागे वळले. आळस असेल, विसरल्या असतील, इथपर्यंतच माझी धाव गेली होती. मला टाळायला त्यांनी कागद आणला असेल, हे मनात आलंच नव्हतं. ज्या बाईंनी मला समोर बसून जेवू घातलं, त्यांनाच मी त्यांच्या घरात त्या संध्याकाळी नको होते. राग नाही आला म्हणाले तर खोटं होईल. फार राग आला, आणि त्याहून वाईट वाटलं.

घरी येऊन चहा केला आणि तो गार होईपर्यंत विचार करत बसले. रथसप्तमीपर्यंत रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू असणार. प्रत्येकीची हीच पंचाईत होणार, आणि प्रत्येक सकाळी डबा असाच भरणार. अडचण ताटल्यांची नव्हती, त्या माझ्या घरात होत्या ही होती. दुपारी मी वॉचमनला हाक मारली आणि आम्ही सगळ्या ताटल्या खाली सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात नेऊन ठेवल्या. ग्रुपवर मेसेज टाकला: ताटल्या आता ऑफिसात आहेत, चावी वॉचमनकडे मिळेल, मला विचारायची गरज नाही, धुऊन पुसून ठेवाव्यात. खाली अंगठ्यांची रांग लागली. अचानक का हलवल्या, असं एकीनेही विचारलं नाही.

पुढचं हळदीकुंकू आमच्या वरच्या मजल्यावर होतं. संध्याकाळी ताटल्या जिन्यातून वर जाताना वाजत होत्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला आणि त्यावर काय चाललंय ते न बघता बसून राहिले.

सकाळी डबे बघायला गेले तर समोरची आपली बादली घेऊन आधीच खाली आलेली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. तिने स्वतःच डब्यांची झाकणं उघडून दाखवली. ओल्यात मटाराची टरफलं, उसाचे चोथे, बोरांच्या बिया. सुक्यात वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला कागद, बास.

"काकू, बघा! एकपण पेपर प्लेट नाही. तुमची आयडिया सॉलिड होती हां."

इतकी वर्षं जसा डबा व्हावा म्हणून मी लोकांशी भांडले, तसाच होता तो. तिला शाब्बास म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मला यायचं होतं गं," मी म्हणाले.