आकाशी रंगाचा हॉल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तरी हे तेवढं गिळूनच जोडले. आता तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं करायला नाही. राग येतो म्हणून सांगते. आबांचा येतो, ऑफिसातल्या सगळ्यांचा येतो — पण ते सगळे राग एकत्र केले तरी माझ्या स्वतःवरच्या रागाला पुरणार नाहीत.

गोष्ट म्हणाल तर भिंतीच्या रंगाची. एवढीशी.

मी उंब्रजला एका दूध संघाच्या ऑफिसात नोकरीला. संघाची नवी इमारत हायवेला लागून उभी राहिली, तेव्हा चेअरमननी हॉलचा रंग ठरवायचं काम आम्हा दोघींवर सोपवलं. चेअरमनना सगळे आबाच म्हणत. आणि आम्ही दोघी म्हणजे मी आणि वैशाली — ऑफिसात बायका एवढ्याच. "बायकांना रंगातलं कळतं," असं आबा म्हणाले आणि आम्ही खूश झालो.

वैशाली हिशेब बघायची, मी पत्रव्यवहार. तिच्या डब्यातली भाजी मी खायची, माझी तिनं. ती बौद्ध, मी मराठा — पण हे आमच्या मैत्रीत कधी आलं नाही, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगायचे. कधी आलं नाही म्हणजे काय? मला त्याची झळ लागली नव्हती, एवढंच. तिला लागत होती का, हे मी कधी विचारलं होतं?

दुकानातून शेडकार्ड आणलं आणि रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून आम्ही एकेक रंग भिंतीला लावून बघत होतो. हॉल पश्चिमेकडचा. दुपारनंतर असं ऊन आत यायचं की डोळे चुरचुरायचे. मला आकाशी रंग आवडला — फिकट, डोळ्यांना गार. वैशालीनं बोट ठेवलं होतं ते क्रीमवर.

"निळ्यातलं काही नको गं," ती म्हणाली. "नावं मला ठेवतील."

"तुझं आपलं काहीतरीच. रंगाला काय हाय?"

"रंगाला काय न्हाई. बघणाऱ्याच्या डोळ्यात हाय."

मी हसले. खरंच हसले. तिला वाटतं ते तिच्या मनाचे खेळ, आणि मला दिसतं ते खरं जग — एवढी माझी खात्री होती. आमच्याकडं झेंड्यांचे रंग वाटून घेतलेत, गल्ल्यांचे रंग वाटून घेतलेत, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण ते ऑफिसच्या भिंतीपर्यंत कशाला येईल, असं वाटलं. मी तिच्या हातातून कार्ड घेतलं आणि पेंटरला फोन लावला. आकाशी पक्का, म्हणून सांगितलं. मीच सांगितलं.

रंगाचा दुसरा हात झाला त्या दिवशी आबा चार संचालकांना घेऊन हॉल बघायला आले. दारातच थांबले. भिंतींवरून नजर फिरवली.

"हा रंग कुणी काढला?"

आम्ही दोघी टेबलाशी उभ्या होतो. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी वैशालीकडं बघितलं, आणि ओठांच्या कडेनं हसले. "व्हय, आलं ध्यानात. आता नुसता झेंडा तेवढा लावायचा ऱ्हायलाय, न्हाई का?"

संचालक हसले. आमचे हेडक्लार्क हसले — तेच, जे दर वर्षी जयंतीला समतेवर भाषण करायचे. वैशालीनं माझ्याकडं बघितलं. विनवणी नव्हती हो त्या बघण्यात. ती नुसती वाट बघत होती, की आता मी बोलणार.

आणि मी गप्प बसले.

असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. गप्प बसले, घाबरले, वेळ निघून गेली. गप्प बसणाऱ्याला लोक माफ करतात — निम्मं जग गप्पच बसतं की. पण ते खोटं आहे. मी गप्प बसले नाही. मी बोलले.

मी म्हणाले, "आबा, मी हिला सांगत हुते, क्रीम घेऊया म्हणून. ऐकलं न्हाई हिनं."

तिचाच रंग मी माझा केला, आणि माझा तिच्या माथी मारला.

कशाला? माझी नोकरी जाणार होती का? मुळीच नाही. मी सांगितलं असतं, तर आबांनी "काय पोरी, हे काय काढलंस" म्हणून हसून सोडून दिलं असतं. माझ्या आडनावाला निळा रंग चिकटत नाही. तोच रंग माझा असता तर आवड, तिचा असला की राजकारण. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. कळलं, म्हणूनच मी बोलले. त्या हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला मिळत होतं, आणि मी जाऊन उभी राहिले.

आठवड्याच्या आत हॉल क्रीम झाला. महिन्याभरात वैशालीची बदली शिराळ्याच्या चिलिंग सेंटरला. कारण दिलं, तिकडं हिशेबाला माणूस नाही. तिची मुलगी बालवाडीत होती. उंब्रजहून कराड, कराडहून शिराळ्याची एस.टी., संध्याकाळी उलटं. काही दिवस तिनं ते केलं, मग नोकरी सोडली.

जायच्या दिवशी ती टेबल आवरत होती. मी जवळ जाऊन रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "मला सांगू नकोस. मला सगळं ठावं हाय. सांगायचं आसंल तर त्यांच्यापुढं सांग."

आबांची केबिन दहा पावलांवर होती. दार उघडं होतं.

मी डोळे पुसले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढं मला बढती मिळाली. हेडक्लार्क झाले. महिला दिनाला शाळा-कॉलेजांतून भाषणाला बोलावतात, मी जाते, मुलींना निर्भय व्हा म्हणून सांगते. टाळ्या पडतात. घरी येऊन जेवते, झोपते. झोप लागते, हेही सांगून टाकते. लागू नये असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटतं.

गेल्या वर्षी आबा वारले. त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. माईक हातात होता. संचालक समोर बसलेले, त्या दिवशी हसलेले दोघे त्यातच. सांगायला याहून बरी जागा मिळाली नसती.

आबांना माणसांची पारख होती, असं मी म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.