रिकाम्या पेटीचं वजन

माझ्या फजित्या तुम्हाला पाठ असतील. स्वतःच्या साखरपुड्याला निघालो आणि भलत्याच गावच्या एसटीत जाऊन बसलो, ती. खत समजून कलमाच्या मुळाशी मिठाचं पोतं रिकामं केलं, ती. मी सांगतो, तुम्ही हसता. जो स्वतःवर हसतो तो मनानं स्वच्छ, असं लोक धरून चालतात — ही सोय मी आयुष्यभर वापरली.

एक फजिती मात्र मी कधीच सांगितली नाही. म्हणजे — सांगितली. शेकडो वेळा सांगितली. पण दुसऱ्याच्या नावावर. बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच.

अनंत गेला त्याला दीड महिना झाला. कॉलेजात असताना आमच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. संगमेश्वराकडच्या एका शेतकरी घरातला. मध्यरेषा ओलांडून गेला की समोरचे सातजण आपोआप मागे सरायचे. आणि असा माणूस, की प्रतिस्पर्ध्याचा निसटता हात लागला आणि पंचांना दिसला नाही, तर स्वतः हात वर करून बाहेर जायचा. आमचे सर कपाळाला हात लावायचे. मी संघाचा व्यवस्थापक. खेळायला नालायक, बोलायला पटाईत — अशा माणसाला दुसरं काय करतात?

पुढे तो एका शाळेत प्रयोगशाळेचा परिचर झाला. रोज संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवायचा. स्वतःच्या पायातले बूट काढून एका मुलीला दिले आणि अनवाणी घरी गेला, हे मी पाहिलंय. माझी आई आजारी पडली तेव्हा आमच्या पाखाडीवरून गाडी खाली येईना. शंभरावर जांभ्या दगडाच्या पायऱ्या. हा आला, आईला पाठीवर घेतलं आणि एकदाही न थांबता वर रस्त्यावर नेऊन ठेवलं. पन्नाशीचा होता तेव्हा.

मग तो मुंबईच्या एखाद्या कंपनीच्या संघात का नव्हता? का नव्हता, हे सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. एकवीस मोदक!

ती गोष्ट अशी. पासष्ट किलो वजनी गटाची कॉलेजांची स्पर्धा. एका कंपनीचा माणूस खेळाडू निवडायला येणार, नोकरीसकट. आदल्या दिवशी आमच्या पावस गावच्या घरी गणपतीचं जेवण. अनंतानं एकवीस मोदक हाणले, सकाळी काट्यावर उभा राहिला — सहासष्ट! झाला बाद. इथे मी पोट पुढे काढून काट्यावर चढणारा अनंत करून दाखवतो. लोक डोळे पुसतात हसून.

आता खरं सांगतो. सांगतो म्हणून तीस वर्षं झाली, तर अजून थोडं —

नाही. सांगतो.

स्पर्धेच्या चार दिवस आधी तो मला म्हणाला, वजन बघूया. गावात धड काटा नव्हता, पण आमच्या बागेच्या शेडमध्ये आंबा पॅक करायचा मोठा वजनकाटा होता. मी ऐटीत त्याला वर उभा केला. चौसष्ट. "नीट बघ रे," तो म्हणाला, "अजून चार दिस हायत, उतरवीन." मी म्हटलं, "बागायतदाराच्या मुलाला काटा वाचायला शिकवतोस?"

हो. असंच म्हणालो. त्याच्या घरी भात मोजायचे पायलीनं. त्याला काय ठाऊक, की आंब्याचा काटा हंगामात रिकाम्या लाकडी पेटीचं वजन वजा करून लावून ठेवतात? मला ठाऊक होतं. शेंबडा असल्यापासून ठाऊक होतं. मे महिन्यात लावलेला काटा सप्टेंबरात तसाच होता. दोन किलो कमी दाखवत होता. मी बघितलंच नाही.

आदल्या दिवशी आईनं मोदक वाढले तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "चौसष्ट आहेस तू, खा!" त्यानं पाच खाल्ले. एकवीस नव्हे. पाच. पाचवा तर आईनं हात बाजूला सारून वाढला.

सकाळी सहासष्ट. तासाभराची मुदत मिळाली. अनंतानं कुणाचा तरी रेनकोट अंगात घातला आणि भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लागला. धावत होता, थुंकत होता, परत धावत होता. पुन्हा काट्यावर आला — चारशे ग्रॅम जास्त. सर माझ्याकडे वळले. "तू वजन केलं होतंस ना रे?" आणि मी, क्षणाचाही विलंब न लावता — मी इतका हजरजबाबी आहे की काय सांगू — म्हणालो, "केलं होतं सर, पण काल आमच्याकडे एकवीस मोदक खाल्लेन्!"

सगळे हसले. सरसुद्धा. कंपनीचा माणूस बाजूलाच उभा होता. तोही हसला. मग म्हणाला, "जिभेवर ताबा नाही, तो काय खेळणार?" आणि वही मिटली.

मला वाटलं, अनंत आकडा खोडून काढेल. पण त्यानं मान खाली घातली. त्याला ते पाचसुद्धा एकवीसच वाटले असणार.

घरी आल्यावर मी शेडमध्ये गेलो, काट्याला शिव्या घालायला. कोपऱ्यातली रिकामी पेटी उचलून वर ठेवली. दांडी शून्यावर सरळ झाली. अगदी सरळ. तिथे उभ्याउभ्या मला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं असतं तर सरांनी कंपनीला पत्र लिहिलं असतं. लिहिणारे होते ते. आणि मी काय केलं? काटा नीट लावला. पेटी जागेवर ठेवली. आणि संध्याकाळी कॉलेजच्या नाक्यावर मोदकांची गोष्ट पहिल्यांदा साभिनय सांगितली.

अनंताच्या शोकसभेत त्याची एक विद्यार्थिनी उठली. म्हणाली, "सर आम्हाला स्पर्धेआधी नेहमी सांगायचे — माझं बघा, दोष कुणाचा नाही, माझ्या जिभेचा आहे. तुम्ही तसं करू नका." संपूर्ण हॉल हुंदके देत होता. मला राग आला. तिचा, हॉलचा, हार घातलेल्या फोटोचा. मेल्या, एकदा तरी भांडायचंस! एकदा तरी म्हणायचंस, पाच मोदकांनी कुणी बाद होतो का? पंचांना न दिसलेला स्पर्श स्वतः सांगणारा तू — न केलेली चूकही स्वतःवर घेऊन बसलास?

आणि मग कुणीतरी ओरडलं, "अहो, ती मोदकांची सांगा! त्याला आवडायची!" मी उठलो. वाटलं, आता. सगळे आहेत, आमचे कॉलेजचे सर आहेत व्हीलचेअरवर, आता. तोंड उघडलं.

एकतीस सांगितले. एकवीसचे एकतीस. लोक रडतारडता हसले. सरांनी टाळी दिली.

घरी आलो तर आई ओट्यापाशी बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, "पाचवा मी बळेच वाढला रे त्याला. माझ्या हातानं त्याची नोकरी गेली." तीस वर्षं हे ती दर गणपतीत म्हणते. मी पाठीवर हात फिरवतो. या वेळीही फिरवला.

अनंत दर वर्षी यायचा आमच्याकडे, गणपतीच्या आरतीला. आई पानावर पाच मोदक मांडून त्याच्यापुढे ठेवायची, माफी मागितल्यासारखे. त्या दिवसानंतर त्यानं आयुष्यात मोदक खाल्ला नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून तो पान हळूच माझ्याकडे सरकवायचा आणि कानाशी म्हणायचा, "तू खा रे. तुला कुठं वजन द्यायचा हाय?"

मी खायचो. दर वर्षी, पाचही. वर तूप मागून घ्यायचो.