रिकामी गाडी जास्त उडते

फौजी सर सकाळी पहिला ‘जय भीम’ विमानाच्या पंखाला घालत, दुसरा आम्हाला. तेवढ्यात त्यांची बोटं रिव्हेटांच्या एका ओळीवरून फिरून आलेली असत.

हवाई दलात विमानांची देखभाल करून ते निवृत्त झाले होते. घर अहमदपूरला. रोज एसटीने लातूरला येत आणि आमच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रात विमानं तपासत, शिकवत. वेगाच्या काट्यावर बोट ठेवून म्हणत, “हिरव्या पट्ट्यात रोजचा कारभार. पिवळ्यात हवा शांत असली तरच. तांबड्या रेघेपल्याड जायचंच न्हाई. पण लई कामाचा आकडा हितं लिहिलेलाच न्हाई.”

तो आकडा म्हणजे खवळलेल्या हवेतली वेगमर्यादा. तिच्या आत असताना मोठा झटका बसला, तर पंख मोडण्याआधी हवेची उचल सोडून देतो. बाहेर असताना बसला, तर सगळा भार पंखावर येतो. दोघं बसले की आमच्या विमानाला ती एकशेचार नॉट. मी पाठ केली होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी निलंग्याकडच्या तापलेल्या रानावर मी एकटी सराव करत होते. झटका असा बसला की डोकं छताला लागलं. काटा एकशेचारवर होता. उतरल्यावर विमान जसंच्या तसं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्याच विमानातून मला पहिल्यांदा एकटीने नांदेडला जायचं होतं. आई-बाबा तिथे कुंपणाशी उभे राहणार होते. सांगितलं तर विमान थांबणार, हे उघड होतं. तरी सरांना सांगितलं.

“वेग मर्यादेतच होता, सर.”

“शेजारी कोण बसलं होतं?”

“कुणीच नाही. विमान हलकंच होतं उलट.”

“एसटीत बसली न्हाईस का कधी? त्याच खड्ड्यात भरलेली गाडी बसती, रिकामी उडती. एकटी असलीस की आकडा खाली.”

त्यांनी विमानाला ‘उड्डाण बंद’ची पाटी लावली. दोन दिवस झाकणं उघडून, बॅटरी लावून सांधान् सांधा पाहिला. काही निघालं नाही. मी हळहळले तसे म्हणाले, “काई निघालं न्हाई, हे बघितल्यावरच कळलं ना?”

आठवड्याने नांदेडला निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “किती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“जा.”

गुडघ्यांनी त्रास दिला तेव्हा त्यांनी काम सोडलं. मी स्टँडवर पोचवायला गेले. गाडीत जेमतेम चार माणसं होती. बसण्याआधी सर ड्रायव्हरपाशी वाकले. “गाडी रिकामी हाय. जरा दमानं.”

“काका, रिकामी हाय म्हणून तर लवकर पोचवतो की!”

सरांनी खिडकीतून मला हाक मारली.

“सांग ह्याला.”

मी सांगितलं.