परत जायला झालेला उशीर

गल्लीतल्या सगळ्या बायकांची ती ताई. केस कापण्यात तिचा हातखंडा होता, आणि जिभेला हाड नसल्यामुळे दुकान दिवसभर हसतं असायचं. "केस मी कापते, नवऱ्याचे कान तुम्ही कापा," असं म्हणत ती कात्री चालवायची.

चाळिशीत तिची बोटं सकाळी आखडायला लागली. कात्री हातात धरवेना. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, संधिवात. तिथे रुग्णांचा अभ्यास सुरू होता. लवकर औषध दिलं तर पुढे कित्येक वर्षांनी सांध्यांचं काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं. ताईने होकार दिला.

वर्षभरात बोटं मोकळी झाली. "आजार झोपलाय, गेलेला नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ताईने मान हलवली आणि घरी येऊन गोळ्या बंद केल्या. बरं वाटत असताना औषध कशाला गिळायचं? इस्पितळातून फोन आले, तेही तिने उचलले नाहीत.

दुखणं परतलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, चल ना त्यांच्याकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ? एवढं जीव तोडून सांगत होत्या, आणि मी अशी वागले."

मग शेक झाले, लेप झाले, औषधाच्या दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या झाल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बोटं एका बाजूला कलली. कात्री मुलीच्या हातात गेली. त्या मुलीच्या लग्नात नवरीचे केस परक्या बाईने बांधले. ताई शेजारी बसून पिना देत होती. त्यासुद्धा हातातून गळत होत्या. त्या दिवशी तिच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही.

कितीतरी वर्षांनी इस्पितळाने अभ्यासातल्या सगळ्यांना बोलावलं, मध्येच सोडून गेलेल्यांनाही. मुलीने अक्षरशः हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी ताईचे हात हातात घेतले आणि एकेक बोट हलकेच दाबून पाहिलं.

"रागावा ना," ताई म्हणाली.

"कशाला रागावू? अर्धेअधिक लोक मध्येच औषध सोडतात. त्यातले बरेच दुखायला लागलं की परत येतात, आम्ही पुन्हा सुरू करतो. तुम्हीही याल असं वाटत होतं. म्हणून तर फोन करत होतो."

ताईला हेच सगळ्यात जास्त लागलं. बोलणी बसतील या धास्तीने तिने वर्षं घालवली होती, आणि इथे कुणी रागावलेलंच नव्हतं.

"तेव्हाच आले असते तर?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. "बोटं बरीचशी वाचली असती. आता सूज उतरेल, दुखणं कमी होईल. वाकलेलं मात्र सरळ होणार नाही."

तसंच झालं. औषध पुन्हा सुरू झालं, काही महिन्यांत तिला झोप लागू लागली, चहाचा कप एका हाताने उचलता येऊ लागला. आता ती रोज दुकानात जाऊन बसते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारते, हसवते. फक्त मुलगी कुणाचे केस कापायला घेते, तेव्हा बोलता बोलता ताई हात पदराखाली घेते.