मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

कपड्याची ट्रायल घेताना मास्तर बोलत नसत. बोलणार तरी कसे? ओठांत सहा-सात टाचण्या ओळीनं धरलेल्या असत. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर नाकातून एक ‘हं’ निघायचा आणि त्यावरच त्यानं समाधान मानायचं. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. मनगटाला टाचण्यांची गादी बांधणाऱ्या शिंप्यांना ते शिकाऊ म्हणत, मग तो शिंपी साठीचा का असेना.

दुकान अरुंद होतं. पुढे कापायचं टेबल, मोठा आरसा आणि ट्रायलचा पडदा; तिथे मास्तरांचं राज्य. मागे दोन मशिनी आणि इस्त्री. तिथे धाकटा भाऊ. मोठ्यानं कापायचं, धाकट्यानं शिवायचं, अशी वाटणी वडिलांनीच करून दिली होती आणि तिच्यावरून कधी वाद झाला नव्हता.

मग मास्तरांच्या डाव्या कानात नागीण झाली. आधी ठणका, मग बारीक फोड, आणि चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर आलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा ओघळलेला; नागिणीनं चेहऱ्याची नसच गाठली होती. औषधं झाली, फोड गेले, ठणकाही गेला. थकवा मात्र बिऱ्हाड थाटून बसला. एक जिना चढला की मास्तर वरच्या पायरीवर बसत.

“नुसतं बसूनसुद्धा दमतो मी,” ते बायकोला म्हणत. “आता याला काय करावं?”

दिवसातून चार वेळा त्या न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब घालून, चहा गळलेले शर्ट धुऊन तीही दमलेली असे.

सातव्या महिन्यात गाल हलू लागला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण नसा परत जुळताना कुठेतरी गफलत झाली होती. ओठ आवळले की डावा डोळा आपोआप मिटायचा. घरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरी बसून ओठ कोण आवळतंय?

लक्षात आलं ते दुकानात. थंडीच्या तोंडावर मुख्याध्यापिका कोटाच्या ट्रायलला आल्या. चौदा वर्षं त्यांचे कोट मास्तरच बेतत होते. बाई अशा, की त्या दारात दिसल्या की धाकटा मशीन थांबवून आधी शर्टाचं वरचं बटण लावी. मास्तरांनी कितीतरी महिन्यांनी टाचण्या ओठांत धरल्या, मान वर केली आणि बाईंना डोळा मारला. बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांनी खांद्याला एक टाचणी लावली, उरलेल्या घट्ट धरल्या आणि पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी बाईंनी तो कच्च्या टाक्यांचा कोट अंगातून काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

“दादा, तू हे काय करत होतास?” धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काय करत होतो?”

धाकट्यानं त्यांना आरशासमोर उभं करून टाचण्या धरायला लावल्या. मास्तरांनी आरशात स्वतःलाच डोळा मारलेला पाहिला आणि मटकन स्टुलावर बसले.

बायकोला संध्याकाळी कळलं तेव्हा ती आधी हसली, बऱ्याच दिवसांनी. “एकतीस वर्षांत मला कधी मारला नाहीत. मारलात तो मुख्याध्यापिकेला!” मग त्यांचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं नजर चुकवत सांगितलं, “काही दिवस तू मागे बस, दादा. काज-बटणं कर. पुढचं मी बघतो.”

मास्तर मागे बसले. त्यांना पुढचं टेबल परत हवं होतं, बाकी काही नको होतं. चेहरा वाकडा राहिला असता तरी त्यांनी तो सोसला असता. पण मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून धाकट्याची कात्री ऐकणं जिवावर येई. कात्री अडखळली की कापड वाया गेलं हे त्यांना न बघता कळे. कापायचं आणि शिवायचं दोन्ही करता करता धाकट्याच्या नाकी नऊ आले होते. तो कोट खुंटीवर तसाच लटकत होता.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत धाडलं. तिथली फिजिओ वयानं त्यांच्या मुलीएवढी, पण चेहऱ्यावर थकवा मास्तरांच्याच वयाचा. दुपारचा डबा ती चार वाजता, उभ्यानं खायची. तिनं आरशासमोर बसवून ओठ आणि डोळा वेगवेगळे हलवायचे धडे दिले, अगदी सावकाश, जोर न लावता. मग गाल पुसून त्यावर कापडी, चिकट, रबरासारखी ताणणारी पट्टी लावली.

“ओढल्यासारखं वाटतंय का?”

“नाही.”

“मग बरोबर. ओढायचं नाही, नुसती ठेवायची. पट्टीनं नस जुळत नाही, काका. गालाला आठवण राहते, एवढंच. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही.”

मास्तरांनी उरलेला तुकडा बोटांत धरून पाहिला. “लांबीत ताणते, रुंदीत नाही. आणि कोपरे गोल कापा, म्हणजे उसवणार नाहीत.”

“गोलच कापते मी.”

“याला गोल म्हणतात?”

तिनं मुकाट्यानं कात्री त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून तिच्या सगळ्या पेशंटांच्या पट्ट्या मास्तर कापून देऊ लागले. चेहरा दुखण्याआधीचा नव्हता, पण हात होता. त्या अर्ध्या तासापुरतं त्यांना बरं वाटे.

पण हाताला जे चाळीस वर्षं माहीत, ते तो सोडतो थोडाच? सैल लावलेली पट्टी मास्तरांना बघवेना. अशी कुणी कॉलरची पट्टी बसवतं का? एका सकाळी त्यांनी फिजिओची पट्टी काढली, दवाखान्यातून आणलेल्या तुकड्याची नवी कापली, तोंडाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत चांगली खेचून बसवली आणि भुवईपाशी दुसरी. आरशात चेहरा सरळ! दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानात गेले आणि थेट पुढच्या टेबलाशी उभे राहिले. धाकटा बघतच राहिला. दिवसभर मास्तरांनी टेबल सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टीखाली आग होऊ लागली. बायकोनं ती पाण्यानं भिजवून सोडवली तर कातडं सोबत आलं. भुवईपाशी फोड, गालावर रुपयाएवढा लाल चट्टा.

फिजिओनं तो पाहिला आणि खुर्चीत टेकली. ओरडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

“काका, मी ताणत नाही म्हणजे मला ताणता येत नाही, असं वाटलं का तुम्हाला?”

तिनं चट्ट्यावर मलम लावलं.

“आता तीन आठवडे पट्टी नाही. आणि एक सांगते. सरावानं डोळा मिटणं कमी होईल. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. टाचण्या धरायला ओठ घट्ट आवळायचे, हे तर तुम्ही सोडूनच द्या.”

“मग ट्रायल कशी घेऊ?”

“ते मला कसं कळणार? शिंपी तुम्ही.”

घरी परत येताना ते तीनदा थांबले. घरी पोचल्यावर, थकून, सगळं बायकोला सांगितलं. तिनं चिंध्यांच्या डब्यातून कोटाच्या कापडाचा तुकडा काढला, कापूस भरला आणि मनगटाला बांधायची गादी शिवून समोर ठेवली.

“हे शिकाऊ लोक बांधतात,” मास्तर म्हणाले.

“मग शिका.”

“आणि बाईंना फोन करून सांग ना, तो डोळा आजारामुळे...”

“डोळा तुमचा. तुम्हीच सांगा.”

मास्तर दोन दिवस फोनकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी केला. अजून ओठ नीट जुळत नसल्यानं शब्द पाघळत होते, आणि ‘माफ करा’ हे तर दोनदा म्हणावं लागलं. मग बाई म्हणाल्या, “हे त्याच दिवशी सांगायचं की हो, मास्तर. येते शनिवारी.”

शनिवारी धाकट्यानं सवयीनं वरचं बटण लावलं. मग त्यानं खुंटीवरचा कोट उतरवला, पुढच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः मागे मशीनवर जाऊन बसला. मास्तरांच्या मनगटावर गादी होती. गालावरचा चट्टा अजून पुरता गेला नव्हता.

बाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. मास्तरांनी खांद्याला पहिली टाचणी लावली. तोंड रिकामं होतं. अशा रिकाम्या तोंडानं ट्रायल घेताना करायचं काय, ते त्यांना कळेना. मग त्या तळमजल्यावरच्या खोलीत दर खेपेला ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

“ओढल्यासारखं वाटतंय का?”

“हो,” बाई लगेच म्हणाल्या. “पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. हात वर केला की ओढतो. फळ्यावर लिहिताना फार जाणवतं.”

मास्तरांचा हात थांबला. “कधीपासून?”

“पहिल्या कोटापासून.”

“चौदा वर्षं? मग बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं की मी, पहिल्याच वेळी,” बाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

मागे मशीन थांबलं. मास्तरांनी बाईंच्या पाठीकडे नीट पाहिलं. आजारात इतके महिने लोकांनी त्यांची कीव केली तेव्हा कधी झाले नव्हते, तेवढे ते आत्ता खजील झाले. मग त्यांनी टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि पाठीची शिवण वरपासून उसवायला घेतली.

“हात वर करा, बाई,” ते म्हणाले. “फळ्यावर लिहिताना करता तसा. आणि ओढलं की सांगा.”