दाजी आणि टर्नरचं मायक्रोमीटर

आमचे दाजी कारखान्यात हत्यारांची खोली सांभाळतात. मी त्यांचा सख्खा मेव्हणा, तिथेच कामाला. पण पितळी बिल्ला खिडकीवर टाकल्याशिवाय मलाही साधा पाना मिळत नाही. घरीही तीच तऱ्हा. ताईने चहात साखर जरा जास्त घातली की विचारतील, "काय खरेदी करून आलीस?" आम्ही त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणतो, आणि त्यांना तोही संशय आहे.

मध्यंतरी कारखान्यात आरोग्य खात्याच्या बाई आल्या होत्या. पुरुष मन मोकळं करत नाहीत, आतल्या आत कुढतात आणि एक दिवस जीव देतात, असं सांगून म्हणाल्या, "कुणी जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकायला लागला, तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही." जो तोंड उघडेल त्याची नोकरी जाणार, ही दाजींची खात्री. बाईंनी भिंतीवर लावलेला मदतीचा फोन नंबरही मालकाच्याच केबिनमध्ये वाजतो म्हणे!

पुढच्याच आठवड्यात लेथवर काम करणारा टर्नर खिडकीशी आला. जाडी मोजायच्या आपल्या मायक्रोमीटरला या माणसाने कधी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. ते पेटीसकट पुढे सरकवत म्हणाला, "राहू दे तुम्हाला."

दाजींच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण देतं? चोरीचं असेल. नाहीतर दुसरीकडे नोकरी धरली असेल. मग बाईंचं बोलणं आठवलं. त्यांनी खिडकी लावली, टर्नरला आत ओढलं.

"खरं सांग. जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

टर्नर चिडला नाही, हसला नाही. स्टुलावर बसला आणि "हो" म्हणाला.

त्या नंबरवर दाजींचा काडीचा विश्वास नव्हता. तरी लावला, स्वतःच्या फोनवरून. पलीकडच्या माणसाला आधी विचारलं, "तुम्ही मालकाचे कोण?" मग टर्नरबरोबर दवाखान्यात गेले आणि गोळ्या कशाच्या म्हणून डॉक्टरांचं डोकं खाल्लं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पण तसं म्हटलं तर विचारतील, "काय हवंय?"

मायक्रोमीटर मात्र भेट म्हणून घेतलं नाही. "जमा करून घेतो. रोज सकाळी बिल्ला टाकून न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं." तेव्हापासून टर्नरचा बिल्ला खिडकीवर वाजेपर्यंत दाजी चहाला तोंड लावत नाहीत.

परवा टर्नर वैतागला. "अहो, बरा आहे मी आता. आणि माझंच आहे ते. ठेवा की विश्वास!"

"नाही ठेवत," दाजी म्हणाले. "बिल्ला टाक."